सुधीरचे पाय

१७ एप्रिल, शुक्र.
सुधीर आणि त्याचा मित्र आसिफ पहाटेच जहराच्या पुढच्या टेकाडांवर. कुवेतमध्ये चढण्यासारखं तेवढंच. परत आल्यावर सु.नं बूट काढला तर टाचेचा फोड फुटलेला, मोजा रक्तानं चिकटलेला. दुखत नाही म्हणाला. जाब्रियाच्या क्लिनिकमध्ये रोज मधुमेहवाल्यांचे पाय तपासते मी. न दुखणारा फोड म्हणजे काय ते मला नको सांगायला.

१९ एप्रिल
क्लिनिकमधली तपासायची नायलॉनची काडी घरी आणली. डोळे मिट, काडी लागली की 'हो' म्हण. म्हणत राहिला, हो, हो.
मी हात मांडीवर ठेवून नुसती बसले होते, तेव्हाही.

२४ एप्रिल
डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, पायांत संवेदना नाही, डोंगर विसरा. ह्यांचं एकच, तिकिटं झालीत. स्वित्झर्लंड, चार हजार मीटरच्या वर. शेवटी खडकाची अरुंद धार, दोन्हीकडे खोल, हातापायांनी चढायचं. हा आणि आसिफ एका दोराला. एक घसरला की दुसराही...
"आसिफला बोललीस तर बघ."
सपाटीवर जन्म काढला म्हणे, एक तरी खरा डोंगर हवा. इतका राग आलाय की ताटं आपटली आज.

८ मे
आसिफला फोन केला. अर्दियाच्या गोदामात होता, मागे ट्रकचा आवाज. सगळं सांगून टाकलं. सुटल्यासारखं वाटेल असं वाटलं होतं.
तो म्हणाला, "म्हायती हाय वैनी. हल्ली बघून बघून पाय टाकतो तो. मी नाय म्हटलं तर एकटा जाईल."
आणि रुबिना? बायकोला माहीत आहे?
तिला नका सांगू, म्हणाला.
दोन लहान मुली आहेत त्याला.

१२ जून
रुबिनाकडे जाऊन आले. सांगायचंच ठरवून गेले होते. ती त्याच्यासाठी लोकरी टोपी विणत बसलेली, बाहेर पन्नास डिग्री. चहा घेतला, मुलींच्या शाळेचं बोललो, आले घरी.
सु.शी बोलणं जेवणापुरतं.

२९ जुलै
गेले. एअरपोर्टवर सु. म्हणाला, आल्यावर तू म्हणशील ते. मी त्याच्या बुटांकडे बघत होते. भीती वाटते, दुसरं काही नाही.

२ ऑगस्ट
काल संध्याकाळी वरच्या मुक्कामावरून मेसेज. हवा चांगली, पहाटे निघतो. आता दुपार उलटली. दोघांचेही फोन लागत नाहीत. सु. म्हणाला होता, धारेवर रेंज नसते. असेल तसंच.
रुबिना मुलींना घेऊन आली आहे, एकटीनं वाट बघवत नाही म्हणाली. मी वरण-भात लावला. पानावर बसताना म्हणाली,
"सुधीरभाई सोबत हायत, म्हणून मला घोर नाय वैनी."
वाढताना माझ्या हातून वरण पानाबाहेर सांडलं. तिनं पातेलं माझ्याकडून घेतलं आणि विचारलं, काय झालं.