नऊ नंबरची उंडी

गोराई, ता. १२ जानेवारी

शुभे,

गुडघे कसे आहेत? माझे बोलतात. सून म्हणाली फोन लावून देते, पण हे मला फोनवर बोलवणार नाही. दुसरी यत्ता शिकलेलीचं अक्षर, सांभाळून घे.

तर काल सगळ्यात आधी आली गंधाली. मी ओट्यावर वाल सोलत होते, ही कॉलेजातली पोरगी येऊन सरळ माझ्याबरोबर सोलायलाच बसली. मागून अनय, माईक घेऊन. बिस्किटं ठेवली तर पाच खाल्ली त्याने. जेट्टीवर फलक लागणार आहे म्हणे, खाडीतल्या आपल्या बेटावरच्या झाडांच्या इतिहासाचा.

मी सगळं सांगितलं. मोठमोठ्या उंडी होड्यांसाठी गेल्या, रिकाम्या जागेत सुरूची झाडं लावली, तीही खांबांसाठी गेली, तिवरं आपल्या आयांनी चुलीत घातली. खोटं कशाला बोलू, फार मजा आली. माझं एवढं कुणी ऐकून घेतलंच नव्हतं. आमचे हे तर दुसऱ्या वाक्याला घोरायचे.

मग तिने विचारलं, बियांसाठी राखलेली शेवटची उंडी कशी गेली? म्हटलं, काशीराम म्हणून होता, त्याने चुकून तोडली. तिने लिहून वाचून दाखवलं, 'काशीराम या निरक्षर लाकूडतोड्याच्या चुकीमुळे शेवटची जुनी उंडी गेली.' ठीक आहे ना आजी, म्हणाली.

तुझ्या बाबांचं नाव, शुभे. आणि मी मान हलवली. वर चहा विचारला.

रात्रभर डोळा लागला नाही.

झाडांना चुन्याने नंबर घातलेले, आठवतं? तोडायच्या झाडाची चिठ्ठी आली, तेव्हा काशीरामकाका मला होडीत घालून बेटावर घेऊन गेले. म्हणाले, "सुलू, तू शाळेत जातेस, वाच गं." केवढी फुगले मी. चिठ्ठीत १ होता. मी नऊ म्हटलं. शेपूट कुठे वळतं ते बघितलंच नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, नक्की नऊ ना? तर मी रागावले, मला येतं वाचता म्हणून.

दोन दिवस नऊ नंबरवर, बियांसाठी राखलेल्या त्याच उंडीवर, करवत चालली. तिसऱ्या दिवशी जंगलखात्याचा साहेब आला. चिठ्ठी कुणी वाचली, विचारलं. काकांनी माझ्याकडे बघितलं, एकदाच.

"कुणी नाही साहेब. मी अंदाजाने तोडलं."

त्यांचं काम गेलं, तुम्ही घाटकोपरला निघालात. तू होडीत बसलेलीस आणि काठावरून पोरं 'नऊनंबरी' ओरडत होती. त्यात माझाही आवाज होता.

पुढे तुझ्या लग्नाला आले, बारशाला आले, काकांच्या पाया पडले. दर वेळी म्हणायचे, शिकलेली आली. मला वाटायचं, टोमणा मारतात. आता वाटतं, नव्हते मारत. तेच जास्त लागतं.

फलक अजून रंगवलेला नाही. चिठ्ठी सुलक्षणाने वाचली, असं लिही म्हणून गंधालीला सांगणार आहे. पण त्याआधी तुला कळायला हवं होतं. बोलायचं नसेल तर नको बोलूस. आलीस तर तुझ्यासमोर सांगेन.

तुझी, वाचायला चुकलेली,
सुलू

ती दोघं येत्या रविवारी परत येतो म्हणालीत. ता. १९. आधी एक, मग नऊ. दोनदा बघून लिहिलंय.