धरणाची फेरी, गाडीत न बसता

आई, परवा मी भंडारदऱ्याच्या धरणाला सायकलने फेरी मारून आले. अर्धीमुर्धी नाही, पूर्ण. शेंडीतून निघाले आणि मुरशेत, घाटघर, साम्रद, रतनवाडी करत पुन्हा शेंडीत. सगळा रस्ता अभयारण्यातून, एका हाताला पाणी आणि दुसऱ्या हाताला डोंगर. तू असतीस तर आधी विचारलं असतंस, "तिकडं काय काम काढलं हुतं?" तुझ्या लेखी सायकल कामासाठीच असायची. काम होतंच. सांगते.

गेल्या पावसाळ्यात केडगावात, पुणे रस्त्याच्या कडेला ओल्या खडीवरून घसरले आणि डावं मनगट मोडलं. तुझी नात पुण्याहून धावत आली, रजा टाकून राहिली. मी प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून स्वयंपाकघरात स्टुलावर बसलेली आणि ती ओट्याशी भाकऱ्या थापतेय. प्रत्येक भाकरी कडेला चिरतेय, तिचा पारा चढतोय, आणि त्याच पाऱ्यात ती म्हणाली, "मम्मी, साठी झाली तुझी. ती सायकल आता कुणालातरी देऊन टाक." मी म्हटलं, देणार नाही. "पुन्हा पडलीस तर? मी दर वेळी अशी नोकरी टाकून येऊ?" तिचं चुकत नव्हतं, म्हणून तर मला जास्त राग आला. मग कितीतरी दिवस आम्ही दोघी भाजीत मीठ जास्त झालं म्हणून भांडत होतो, पण भांडण सायकलचंच होतं हे दोघींनाही ठाऊक होतं. शेवटी एकदा समोरासमोर बसून ठरवलं. हात बरा झाला की मी एक मोठी फेरी करायची, तिने गाडी घेऊन मागे राहायचं. वाटेत एकदा जरी मी गाडीत बसले, तर सायकल द्यायची. नाही बसले, तर तिने हा विषय पुन्हा काढायचा नाही. ती ऑफिसातल्या मैत्रिणींबरोबर कोकणात किनाऱ्याने सायकलवर जाऊन आलेली, म्हणून तिचं म्हणणं, समुद्राकाठी जाऊ. मी म्हटलं, समुद्र आपल्या जिल्ह्यात नाही, आपल्या जिल्ह्यातलं पाणी अकोले तालुक्यात आहे, तिकडेच जाऊ.

एवढा हट्ट कशाला, असं तुझ्या नातीला वाटलं. तिने तुला सायकलवर पाहिलेलं नाही. मी पाहिलंय. उपकेंद्रात नर्स होतीस तोवर तू पारनेरच्या त्या वाड्यावस्त्यांवर सायकलने हिंडायचीस, पदर खोचून, पायात कॅनव्हासचे बूट घालून. सुट्टीत मी मागच्या कॅरिअरवर बसायची, मांडीवर लसीचा डबा घेऊन. त्यातल्या बर्फाने मांड्या बधिर व्हायच्या आणि वरून ऊन भाजायचं. नर्सबाई आल्या म्हणून बायका लेकरं काखोटीला मारून बाहेर यायच्या आणि तुझा रुबाब बघण्यासारखा असायचा. मग रिटायर झालीस, डोळ्यांचं ऑपरेशन झालं, दादा म्हणाला आता पुरे, आणि तूही म्हणालीस, व्हय, पुरे. सायकल गोठ्याच्या भिंतीला टांगली गेली. तू दारात खुर्ची टाकून बसायला लागलीस. येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायचीस, "कुठं निघाला?" रोज. प्रत्येकाला. तुझ्या आजारपणाची मला एवढी भीती वाटली नव्हती जेवढी त्या खुर्चीची वाटली. अजून वाटते. मला तसं दारात बसायचं नाही, आई, एवढीच गोष्ट आहे.

तर निघालो. मार्चमधली सकाळ, हवेत गारवा, करवंदीच्या जाळ्या पांढऱ्या फुलांनी भरलेल्या. चेकनाक्यावरच्या वनरक्षकाने आधी मला पाहिलं, मग मागची गाडी पाहिली. म्हणाला, "बाई, गाडीत तर सगळी जागा मोकळीच हाय की." मी म्हटलं, ती तशीच मोकळी ठेवायची आहे. मुरशेतच्या पुढे एका झाडावर शेकरू दिसलं, चांगली हातभर शेपटी, आणि मी घंटी वाजवली तर ते पळण्याऐवजी माझ्याकडे बघतच बसलं. मी मस्त चालले होते. फक्त सायकल जड लागत होती. कारण मीच. दोन्ही बाजूंच्या पिशव्यांत पाण्याच्या बाटल्या ठासून भरल्या होत्या. निघताना लेक कपाळावर हात मारून म्हणाली, "मम्मी, तू धरणाला फेरी मारतेयस. पाणी कशाला?" मी म्हटलं, धरणाचं पाणी धरणात, आपलं आपल्याजवळ. पारनेरची माणसं आपण. देवळात निघालो तरी पाणी घेऊन निघणार.

घाटघरच्या अलीकडे चढ लागला आणि ते पाणी गुडघ्यात उतरलं. थोडं रेटलं, मग सरळ उतरले आणि सायकल हातात धरून चालायला लागले. हे तुझंच शिक्षण. आठवीत असताना वस्तीच्या चढावर तुझी सायकल मी चालवत होते, पोरं बघतायत म्हणून उतरायला तयार नव्हते आणि डब्यासकट पडले होते. तू आधी डबा उघडून बर्फ पाहिलास, मग माझा गुडघा. आणि म्हणालीस, "चढ आला की उतरायचं. त्यात कसली लाज? ती आपल्याला एवढी नेती, जरा आपन तिला न्यावं." तेव्हा मला तुझा भयंकर राग आला होता. परवा चकचकीत सायकलींवरची तीन-चार तरुण मंडळी शेजारून गेली, एक जण ओरडला, "काकू, मदत हवीय?" आणि मला जराही लाज वाटली नाही. लेक मात्र काच खाली करून म्हणाली, "ही चीटिंग आहे. बस आत." मी म्हटलं, ठरलं होतं ते गाडीत बसण्याचं, सायकलवरून उतरण्याचं नाही. ती म्हणाली, "वकील व्हायला पाहिजे होतीस." पण हसली.

चढ संपता संपता एक घर लागलं. दारातली बाई माझ्याच वयाची असेल. माझ्या बाटल्या बघून ती पदर तोंडाला लावून हसली. "आवो बाई, एवढं धरान खाली पसरलंय, आन् तुमी पानी घिऊन फिरताय?" मीही हसले. म्हटलं, सवय आहे, आणि आता ओझं झालंय, पण पाणी ओतून द्यायला हात होत नाही. ती एकदम गंभीर झाली. "ओतू नगा. मोटार जळालीय आमची. खालनं हंड्यानं आनावं लागतंय." तिने आतून हंडा आणला आणि मी एक बाटली ठेवून बाकीच्या सगळ्या त्यात रिकाम्या केल्या. निघताना म्हणाली, "परत या. पान्याबिगर आल्या तरी चालंल."

त्यानंतर सायकल अशी पळाली म्हणून सांगू! घाटघरला कड्यावर उभी राहून खाली कोकण पाहिलं. लोक म्हणतात हवा स्वच्छ असली की लांबवर समुद्राची रेघ दिसते. मला धुरकट निळं काहीतरी दिसलं, तो समुद्र होता असं मी म्हणणार नाही. रतनवाडीला देवळाजवळच्या झाडाखाली आम्ही भाकरी-ठेचा खाल्ला. लेक सारखी माझ्या मनगटाकडे बघत होती. मी म्हटलं, निघते, तू ये मागून.

मग शेवटचा चढ. दिवसभर त्या गाडीच्या घरघरीचा मला वैताग आला होता, एखादा हवालदार मागे लावल्यासारखा. आणि त्या चढाच्या मध्यावर लक्षात आलं की घरघर येत नाहीये. मागे रस्ता रिकामा. फोनला रेंज नाही. मी काय केलं ते पुढे सांगते. शेंडीत पोचले, टपरीवर चहा घेऊन बसले, माझा दुसरा चहा संपत आला तेव्हा गाडी आली. मी विचारलं, "झोपली होतीस का?" म्हणाली, "नाही. देवळापाशीच बसून राहिले. म्हटलं, शेवटचं तरी तुझं तुला करू दे." मग माझ्या बशीत चहा ओतून घेत म्हणाली, "सायकलचं पुन्हा नाही बोलणार." मी तिच्या पाठीवर हात ठेवला. थोड्या वेळाने तिने विचारलं, "मी मागे नाही हे कळलं होतं का तुला?" मी म्हटलं, "छे. मी कुठे मागे बघते?"

तुला हे टपालाने पाठवायचं नाही, वाचून कुणी हसणार नाही, म्हणून लिहिते. त्या चढावर मी सायकल आडवी टाकली आणि रस्त्याच्या मधोमध उभी राहून लेकीला हाका मारल्या, चांगल्या घसा फाटेपर्यंत. तेव्हा वळणावर गाडी दिसली असती ना आई, तर मी बसले असते.