राकेलवाली बाई आणि आमची भिंत

९ नोव्हेंबर, रविवार
बाई आली. पुण्याहून नळकांड्यात बसून, एसटीच्या पार्सलनं मानोऱ्यापर्यंत, अन् तिथून माझ्या पिशवीत इंझोरीपर्यंत. नातीनं, स्नेहानं पाठवली. पोरीला भाड्याची खोली बदलायची आहे, सामानाची नुसती उलथापालथ, म्हणून काही दिवस आमच्याकडे. फोनवर पुन्हा पुन्हा तेच – "आबा, जीवापाड जपा तिले."

उघडून पाहिली. पिवळा झगा, उघडे खांदे, गालात हसू, हात दिव्यापाशी. खाली फ्रेंच अक्षरं. स्नेहा म्हणते ही राकेलची जाहिरात. पॅरिसची, सव्वाशे वर्षांहून जुनी!

बेबीताईनं (बायकोला सारं गाव बेबीताई म्हणतं, मी तरी वेगळं कशाला म्हणू) चष्मा पुसून पाहिलं. "राकेलसाठी इतकी हासून राह्यली? रेशनच्या लायनीत कधी उभी राह्यली नसन ही."

११ नोव्हेंबर, मंगळवार
बाई कोणी काढली ते स्नेहाला विचारलं. पोरगी अर्धा तास बोलायची थांबलीच नाही. ज्यूल शेरे नावाचा माणूस. बाप छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचा. घरात ओढाताण, म्हणून तेराव्या वर्षी पोराला शिळाछापवाल्याकडे, म्हणजे दगडावरून छापणाऱ्याकडे, उमेदवारीला लावलं. शाळा तिथंच संपली. म्हणजे आपल्यातलाच की! पुढं लंडनला जाऊन रंगीत मोठी छपाई शिकला अन् परत येऊन पॅरिसच्या भिंती रंगांनी भरून टाकल्या. चित्र थेट दगडावर काढायचा. त्याच्या हसऱ्या बाया इतक्या गाजल्या की लोक त्यांना त्याच्याच नावानं ओळखायचे. म्हातारपणी डोळे गेले, तरी शहाण्णव वर्षांचा होऊन गेला. डोळे गेल्यावर भिंतीपाशी उभा राहत असेल का? स्नेहालाही ते माहीत नाही.

मजा पुढंच. लोक रात्री ती पोस्टरं भिंतीवरून ओली ओली सोलून न्यायचे. नाहीतर लावणाऱ्यालाच चिरीमिरी देऊन घ्यायचे.

हे मी फोनवर चांदला, माझ्या जुन्या जोडीदाराला, सांगितलं. तंबूतल्या टॉकीजसाठी तो बोर्ड रंगवायचा अन् मी पोस्टरं लावायचो. मानोरा, मालेगाव, मधले सारे तांडे. एक सायकल, एक बादली, एक शिडी. चांद म्हणाला, "उकंड्या, आपल्याले कोनं कवा चिरीमिरी देल्ली? बकऱ्या तेवढ्या मागं लागायच्या, खळ खायले."

१२ नोव्हेंबर, बुधवार
नळकांड्याच्या झाकणाला उंदराचे दात दिसले. बाईचं काही खरं नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
काम फत्ते! मैद्याची खळ शिजवली, गाठ होऊ दिली नाही, वरून चिमूटभर मोरचूद – म्हणजे झुरळ, उंदीर, वाळवी कोणी तोंड लावणार नाही. बैठकीची भिंत पुसून घेतली. आधी मधोमध ब्रश, मग कडांकडं. एक फुगा नाही. हात अजून विसरला नाही बुवा.

आता दारातून आत पाय टाकला की बाई समोर. शेजारच्या गोमतीबाई दोनदा येऊन पाहून गेल्या. दुसऱ्यांदा साखर मागायला आल्या होत्या, ती न घेताच गेल्या.

बेबीताई मात्र म्हणाली, "पोरीले ईचारलं का?"
म्हटलं, जप म्हणाली, जपलं. पोस्टर नळकांड्यात घुसमटतं. त्याचं घर भिंत.

१७ नोव्हेंबर, सोमवार
स्नेहाचा फोन. "आबा, बाई कशी हाय?"
"मजेत. उभी आहे."
तिला वाटलं मी गंमत करतो. मग एकेक बाहेर पडलं. जानेवारीत पुण्यात ती अन् तिच्या दोघी मैत्रिणी जुन्या पोस्टरांचं प्रदर्शन मांडतात. हॉल ठरला, पत्रिकेवर पहिलं नाव स्नेहाचं, ते या बाईमुळं. "बाकीच्यायजवळ पुष्कळ हाय, आबा. माह्याजवळ तेवढी एकच. ते नसन तर मी तिथं कायले उभी राहू?" रविवारी न्यायला येते. तोवर उघडू नका, हाताचा घामसुद्धा लागू देऊ नका.

मी "हो, हो" म्हणालो. फोन ठेवला तर कान ओला.
बेबीताई म्हणाली, "सांगा तिले आत्ताच्या आत्ता."
"येऊ तर दे," म्हटलं. भित्रा माणूस मी.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
चांदला मालेगावहून बोलावलं. दोघं भिंतीसमोर बसलो, जसं काही मुलगी पाहायला आलो.
म्हटलं, "काढायचं कसं?"
"मले काहून ईचारतं? जिंदगीभर चिपकवलं आपन. काढलं कवा? एकावर दुसरं मारलं अन् चाललो पुढच्या गावाले."
खरंच. काढणं आम्ही शिकलोच नाही.
कोमट पाण्यात फडकं बुडवून खालचा एक कोपरा ओला केला. कागद सुटला, पण चुन्याचा पापुद्रा घेऊन. आणखी ओढला तर फाटलाच असता. बेबीताईनं पाण्याचं पातेलं उचलून नेलं. "आता हात लावसान तर दोघायलेबी उपाशी ठेवीन."
कोपरा परत चिकटवून दिला.

२२ नोव्हेंबर, शनिवार
बाईवर कॅलेंडर टांगलं. कॅलेंडर अरुंद पडलं. एकीकडून खांदा दिसतो, खालून झगा. महाराष्ट्र शासनाच्या सुट्ट्यांमागून कोणीतरी नाचतंय.

२३ नोव्हेंबर, रविवार
स्नेहा आली. पिशवी ठेवली अन् "नळकांडं कुठं हाय?"
मी कॅलेंडर काढलं. माझ्याच हातानं. तेवढं तरी केलं.
ओरडली असती तर बरं झालं असतं. जवळ गेली. खालच्या कोपऱ्यावर बोट फिरवलं. तिथं बिनशाईचा ठसा दाबलेला असतो म्हणे, बोटाला लागेल असा. मोठी पोस्टरं मिळेनात म्हणून पॅरिसच्या शौकिनांसाठी अशी लहान छापली अन् खूण म्हणून प्रत्येकीवर तो ठसा.
"सपाट झाला, आबा."
माझा ब्रश. एक फुगा नाही.
"हे भिंतीसाठी नोतंच. पेटीत जपून ठेवाले छापलं होतं. इतकी वर्षं जगलं, अन् आपल्या घरी..." डोळे पुसले. आजीनं वाढलेलं ताट तसंच. दुपारच्या गाडीनं गेली. मी फाट्यापर्यंत मागं मागं गेलो, पिशवी मागितली, दिली नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार
कालचं पिठलं उरलं. आजही कोणी खाल्लं नाही.

३० नोव्हेंबर, रविवार
मुलाला, विनोदला, फोन केला. तो म्हणतो पोरगी बापाशीही धड बोलत नाही.
मग धीर करून तिलाच लावला. म्हटलं, "मी पुण्याले येतो. तुह्या मैत्रिणीयसमोर उभा राहून सांगतो, खळ मी लावली, पोरीचा काई दोष नाई."
मग म्हणाली, "मी सांगतलं त्यायले. एक जन हासून राह्यली होती."
"हासली?"
"म्हने, आतापरेंत सगळी पोस्टरं काचेत पाह्यली. भिंतीवर लागलेलं एकबी नाई." मग म्हणाली, "मले अजून राग हाय, आबा. ठेवते."
राग आहे म्हणाली. म्हणजे बोलली.

४ डिसेंबर, गुरुवार
स्नेहाचा फोन. भिंत पुण्याला येत नाही, म्हणून पुण्याचा हॉल रद्द. त्या हासणाऱ्या मैत्रिणीच्याच डोक्यातून निघालं, प्रदर्शन आमच्या बैठकीत! मैत्रिणी आपली चित्रं घेऊन येतात. गावोगाव लावायची पोस्टरं स्नेहा स्वतः काढते, स्वतः छापते. मानोऱ्यात, मालेगावात, तांड्यातांड्यावर. "लावाले कोन हाय तिकडं?" असं विचारलं. मी चांदचं अन् माझं नाव सांगणार, तोच बेबीताईनं फोन माझ्या हातातून घेतला अन् सांगितलं – "दोघं हायेत. म्हातारे हायेत, पन हायेत."