सोजराबाईंच्या ओसरीवर

राहू, ता. ८ जानेवारी १९६१

ती. हन्नाआत्या यांस,
दबोराचा सलाम. वि. वि.

आत्या, आधीच कबूल करते की या प्रश्नाचं उत्तर मला येत नाही. एक दिवस कपाळाला कुंकू लावल्यानं मुलींचा वर्ग उघडणार असेल, तर आपल्यासारख्या ख्रिस्ती घरातल्या मुलीनं ते लावावं की लावू नये?

मी शिकवते त्या इथल्या शाळेतल्या मुली चौथी झाल्या की घरी बसतात. येत्या जूनपासून त्यांच्यासाठी पाचवीचा वर्ग काढायला मी मंजुरी मिळवली आहे, पण मुली आल्या तरच तो चालेल. बापांना विचारलं की ते म्हणतात, तिच्या आईला विचारा. आया तर शाळेची पायरी चढायलाच लाजतात. संक्रांतीला मारुतराव पाटलांच्या घरी हळदीकुंकू असतं, तिथं सगळ्या एकदम भेटतील. त्यांच्या पत्नी सोजराबाई यांनी मला मोठ्या आपुलकीनं बोलावलं. जाता जाता म्हणाल्या की, बाई, त्या दिसापुरतं कपाळ मोकळं ठिवू नका, बाया मनात काहीबाही आणत्यात. तुमचा देव काय टिकलीएवढ्यानं रुसणार हाय व्हय!

मला हसू आलं, आणि मग जेवण गेलं नाही. पपांनी दौंडहून कळवलं आहे की रेल्वे कॉलनीतल्या शाळेत जागा निघाली आहे, घरी राहून नोकरी कर, ही पुढारपणाची हौस पुरे. कॉलेजात ‘पुढारी कसा असावा’ या निबंधाला मला बक्षीस मिळालं होतं. त्यात कपाळाविषयी एक ओळही नव्हती.

उत्तर लवकर पाठवावं, आणि लोभ नेहमीसारखाच भरपूर असावा.
आपली दबोरा

शिरूर, ता. ११ जानेवारी १९६१

चि. दबोरा हिस,
आत्याचे आशीर्वाद.

तू घरातली पहिली बी.ए., मी सातवी पास, आणि प्रश्न तू मला विचारतेस. दोन दिवस मी मान ताठ करून फिरते आहे. चर्चमधल्या कृपाबाईनं विचारलं, मान धरली का म्हणून.

मी दवाखान्यातर्फे वढू बुद्रुकला बाळंतपणं करायला जायची, तेव्हा एका सासूनं मला उंबऱ्यावरच अडवलं होतं. उघड्या कपाळाची बाई सुनेसमोर नको म्हणाली. मला काय कमी राग आला होता! पण मी परत फिरले नाही आणि लाडीगोडीही लावली नाही. दारात बसून राहिले. आतून हाक आली ती त्या सासूचीच. दर वेळी असं घडलं नाही, हेही तुला सांगून ठेवते. दोन घरांतून मी तशीच परत आले आहे.

लाव किंवा नको लावू, ते मी सांगणार नाही. लावलंस तर तोंड पाडून लावू नकोस. नाही लावलंस तर तोरा मिरवू नकोस. आणि काहीतरी सबब सांगून घरीच बसायचं तुझ्या मनात येईल. तू माझ्या योहानची लेक आहेस, तुझ्या बापानं लहानपणी असंच केलं आहे. तेवढं मात्र करू नकोस.

थंडी फार आहे, कानाला बांधत जा. आमची आठवण असू दे.
तुझी आत्या

राहू, ता. १६ जानेवारी १९६१

ती. आत्या यांस,
सलाम. वि. वि.

तुमचं पत्र आज मिळालं. सबब मी परवाच सांगून बसले होते.

पोट दुखतं असा निरोप पाठवला. तासाभरानं सोजराबाई हळदीकुंकवाची गर्दी सोडून स्वतः ओव्याची पुरचुंडी घेऊन दारात उभ्या. मी वह्या तपासत पेरू खात होते! त्यांनी पेरूकडं पाहिलं. पुरचुंडी टेबलावर ठेवली आणि गेल्या.

आता गावात बोलतात की बाईला आमचा इटाळ होतोय. आत्या, जात पाहून आपल्या आजीला जसल्या आळीत पाय ठेवू देत नव्हते, तसल्याच आळीला आज वाटतं की मीच त्यांना शिवत नाही. हसावं की रडावं? दोन आयांनी तर आपल्या मुली पाठवणार नाही असं कळवूनही टाकलं. तयार होतील असं वाटलेल्या त्या दोघीच होत्या. पपांच्या त्या जागेची आज फार आठवण झाली.

रागवावं, पण माया कमी करू नये.
आपली दबोरा

शिरूर, ता. १९ जानेवारी १९६१

चि. दबोरा हिस,
आशीर्वाद.

पेरूचं वाचून इतकी हसले की ठसका लागला. भर कार्यक्रमातून उठून जी बाई तुझ्यासाठी ओवा घेऊन आली, तिला तू अजून काहीच बोलली नाहीस का? हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं. ओवा परत करायला जा.

दौंडला जायचं तर खुशाल जा. मात्र शरमेनं पळून जाऊ नकोस. दौंडलाही पेरू मिळतात.

जीव लावणारी,
तुझी आत्या

राहू, ता. २४ जानेवारी १९६१

ती. आत्या यांस,
सलाम. वि. वि.

गेले. सोजराबाई अंगणात हरभरा निवडत होत्या. पुरचुंडी पुढं ठेवून सांगितलं की पोट दुखत नव्हतं, भीती वाटत होती. कुंकू मी लावत नाही. तुमचा मान कमी करायचा म्हणून नाही, माझ्या घरची ती रीत नाही आणि एका दिवसापुरतं सोंग मला जमणार नाही. तरीही बोलावलंत तर येईन, बसवाल तिथं बसेन. त्यांनी मान वर न करता विचारलं की पेरू तरी गोड व्हता का. मग म्हणाल्या, रथसप्तमीला या, पण वसरीवर बसावं लागंल, आत सवाशिणी असत्यात.

काल गेले. ओसरीवर आधीच एक बाई बसल्या होत्या, सोजराबाईंच्या विधवा जाऊ गिताबाई. त्यांची नकुशी माझ्या चौथीत आहे आणि सगळ्यांत छान वाचते. ज्या कारणासाठी मी बाहेर, त्याच कारणासाठी त्याही, आणि तेही स्वतःच्याच घरात. आयांसमोर करायचं म्हणून पाठ केलेलं भाषण माझ्या तोंडातच राहिलं. मी नकुशीविषयीच बोलू लागले. गिताबाई म्हणाल्या की पोर शिकंल वो, पण मला कोण इचारतंय. मी म्हटलं की मी विचारते आहे. वर्गात बोलायची सवय, माझा आवाज जरा चढलाच. वाण घेऊन निघालेल्या बाया दारात थबकल्या. गिताबाईंनी पदर सावरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की नकुशी पाचवीला जाणार.

तिळगुळाचं ताट घेऊन सोजराबाई बाहेर आल्या. पहिला तिळगूळ गिताबाईंच्या हातावर ठेवला, दुसरा माझ्या. मग बायांकडं वळून म्हणाल्या की, माझ्या घरची पोर जातीया, तुमच्या काय सोन्याच्या हायत व्हय, पेटीत ठिवायला?

काहीजणी मान फिरवून गेल्या. सातजणींनी होकार दिला. नकार कळवलेल्या दोघींपैकी एकीनं तर विचारलं की पोरीला पाटी आणायची का वही. मी निघताना सोजराबाई कानाशी येऊन म्हणाल्या की, काय बी म्हणा बाई, कपाळ बरं न्हाई दिसत. मी म्हटलं, असू द्या, सवय होईल. त्या हसल्या.

दौंडची जागा दुसऱ्या कुणाला द्यावी असं पपांना लिहून आज सकाळीच ते पत्र पेटीत टाकलं, आणि मगच तुम्हाला लिहायला बसले. एव्हाना ते केडगाव स्टेशनपर्यंत गेलं असेल. रविवारी पपा नेहमीसारखे शिरूरला तुमच्याकडे येतील ते रागातच येतील. आधी चहा द्यावा, मग माझं नाव काढावं.

लोभ आहेच, तो माझ्या हट्टासकट असू द्यावा.
आपली दबोरा