मशीनचं पितळ

३ जून
आमच्या लॅबमध्ये मलेरियाचं मशीन आलं. बातमी पक्की, स्टोअरकीपरनेच सही करून खोकं उतरवून घेतलं. थेंबभर रक्तावरून जंतू कुठला ते सांगतं, वर त्या माणसाला कुठलं औषध सोसेल तेही. चार्ज धाकटीकडे, म्हणजे आमच्या ज्युनिअर टेक्निशियनकडे. जिला मायक्रोस्कोपखाली स्लाइड लावायला मी शिकवलं, ती! सध्या तात्पुरता, पक्का निर्णय डॉक्टर आठवड्यात घेणार. तो माझ्याच बाजूने लागेल. मला हेवा वगैरे अजिबात वाटत नाही. जेवण गेलं नाही, कारण भाजी खारट होती.

४ जून
मशीनसाठी एसी लावला. माझ्या मायक्रोस्कोपला इतक्या वर्षांत साधा टेबलफॅन नाही. डॉक्टरांनी धाकटीला चहा पाजला. ती मला म्हणाली, सर, या ना, बघा कसं चालतं. आव केवढा! गेलो नाही. दारातून दिसलं तेवढं बघितलं.
संकल्प: शांत राहणे.

६ जून
शांत राहून योजना आखली. माझं ठणठणीत रक्त मेहुण्याच्या नावाने मशीनला द्यायचं. चुकलं की पितळ उघडं.

७ जून, दुपार
चुकलं! मलेरिया पॉझिटिव्ह! आनंदाने अंगावर काटा आला. जाईना, म्हणून स्वेटर घातला. एसी फार लावतात. त्याच रक्ताची स्लाइडही स्वतः तपासली. स्वच्छ. जरा हलत होती, टेबल डुगडुगतं.

८ जून
घोळ. रिपोर्टवरून नर्स औषध घेऊन थेट मेहुण्याच्या घरी. रक्तात एक एन्झाइम कमी, नेहमीची गोळी बाधेल, म्हणून खास त्याच्यापुरता डोस! रक्त माझं, लाड त्याचे. गोळी कडू म्हणून त्याने घेतली नाही, माझ्या बायकोने नेलेला डबा मात्र संपवला. मी कुडकुडतोय म्हटलं, तर फोनवर म्हणाली, अहो, पांघरूण घ्या की, इथे दादा आजारी आहे.

९ जून
डॉक्टरांपुढे स्फोट केला. रक्त माझं होतं आणि मी धडधाकट आहे. दात वाजत असल्याने दोनदा सांगावं लागलं. धाकटीने माझी स्लाइड माझ्याच मायक्रोस्कोपखाली बघितली. म्हणाली, सर, आधी बसा बघू. जंतू आहेत. नेहमीची गोळी घेतली नाहीत ना? नाही म्हटल्यावर तिने हुश्श केलं. तेवढ्यावर डॉक्टरांनी चार्ज तिला कायमचा देऊन टाकला.
मलाही मोठं काम आहे. उद्या नव्या टेक्निशियनना मशीन शिकवणार. डॉक्टर म्हणाले, तुमच्याशिवाय होणार नाही. नमुना म्हणून माझं रक्त लागेल. बोट धाकटी टोचेल.