ठिपके थांबले, इक्बाल!

विचुंबे, पनवेल
१६ नोव्हेंबर २०२५

प्रिय इक्बाल,

सलाम! मस्कतला तू आणि कुबरावहिनी खुशाल असाल. मी फोन उचलत नाही अशी वेणूकडे तक्रार केलीस, ती पोचली. रागावू नकोस. ही बातमी मला लिहूनच सांगायची होती.

तुझा टर्नटेबल फिरला!

हो, तोच. रेकॉर्ड वाजवायचा, तू जाताना आमच्या माळ्यावर ठेवून गेलेला. खाली काढला तेव्हा उंदरांनी वायर कुरतडलेली, लाकडावर बुरशी. वेणू म्हणाली, "भंगारवाल्याला द्या." दिला नाही. लाकूड घासलं, लाखेच्या पॉलिशचे हातावर हात दिले. सागाच्या रेषा अशा उठून आल्यात, तू ओळखणार नाहीस!

आतलं काम चिवट निघालं. याला पट्टा नसतो, तबकडीच्या थेट खाली मोटर. ती कधी सुसाट सुटायची, कधी रांगायची. वाटलं, मोटर गेली. पण ती ठणठणीत! सर्किटमधले कपॅसिटर फुगले होते. ते बदलले, बेअरिंगला तेल दिलं, बटण दाबलं. तबकडीच्या कडेचे ठिपके आठवतात? लाल दिव्यात, वेग जुळला की फिरतानाही जागच्या जागी उभे दिसतात ते? आधी पळत होते. स्क्रू कणभर फिरवला. मंदावले. अजून कणभर. थांबले! मी अक्षरशः ओरडलो.

मग रेकॉर्ड लावली. काहीच नाही. सुई बदलली, वायर तपासल्या, आवाज वाढवत नेला. तेवढ्यात वेणू कानांवर हात ठेवून धावत आली.

"अवो, बारीक करा! अख्ख्या गावाला आयकाला जातंय!"

तिचे ओठ मला वाचता येतात. तिने स्वतःच बटण फिरवलं आणि हळूच विचारलं, "तुमाला नाय आयकाला येत?"

तर असं आहे, इक्बाल. ऐकू येणं वर्षभर कमी कमी होत गेलं. हळदींमध्ये रेकॉर्ड वाजवत, आधी तुझ्याबरोबर आणि मग एकटा, जन्मभर स्पीकरला खेटून उभा राहिलो, त्याचंच हे. तुझा फोन येतो, स्क्रीनवर नाव दिसतं, आणि मी नुसता बघत बसतो. कानाच्या मशीनने बोलणं बरंचसं कळेल, गाणं पूर्वीसारखं नाही, असं डॉक्टर म्हणतात. परवा वेणूबरोबर जातोय मशीन लावायला.

पण वाईट वाटून घेऊ नकोस. वेणूने माझा तळवा धरून स्पीकरच्या जाळीवर ठेवला. ढोलकी कळली रे! मी बोटांनी ठेका धरला, ती मान डोलावून 'बरोबर' म्हणत होती. रेकॉर्डची बाजू संपेपर्यंत दोघं तिथेच उभे.

महेकच्या लग्नात जुन्या रेकॉर्ड वाजवशील का, असं मेसेजमध्ये विचारलं होतंस. आता सांगतो, वाजवीन! वेग मी डोळ्यांनी सांभाळीन. आवाज किती ठेवायचा ते तू हाताने दाखव. मुलीचा बाप म्हणून लोक तुला पुढे नेऊन बसवतील. बसू नकोस.

शेजारची जागा तुझ्यासाठी राखून,
हरेश