बाकावरची अण्णांची जागा

वापी

चि. सुशील यास,

आशीर्वाद नेहमीचेच आहेत, पण आज ते रागावून लिहितोय. देवाच्या कृपेने मी बरा आहे, शिफ्टही सकाळची मिळाली. तुझ्या मनालीचा खोकला थांबला का?

रोह्याच्या स्टुडिओतला आपला चौकोनी फोटोचा कॅमेरा तू मला न विचारता विकलास आणि उभे फोटो काढणारा घेतलास. एका रोलवर बाराच्या जागी सोळा फोटो बसतात म्हणे. "दादा, चौकोनात बाजूला नुसती भिंत येते," असं फोनवर हसत म्हणालास.

ती भिंत नव्हे. अण्णा गेल्यापासून कासूच्या घरी आई पाडव्याच्या फोटोला बाकाच्या एका टोकाला बसते, अण्णांची जागा सोडून. चौकोनात ती जागा यायची. यंदाच्या फोटोत आई एकटीच मधोमध आहे. मला फोनवर म्हणाली, "फोटो बरा हाय रे, पन हे कुठं बसायचे?"

कॅमेरा आडवा धरला असतास तरी चाललं असतं. तुला सुचलं नाही, कारण रिकामी जागा तुला वाया गेलेली दिसते. चौकोनी कॅमेऱ्याने ही निवड तुझ्या हातात दिलीच नसती.

दिवा लावताना तुझंही नाव घेतो, ते बंद करणार नाही. पण चौकोनी कॅमेरा परत आण. नाहीतर शिमग्याला मी कासूलाच उतरेन. गाडी पुढे रोह्याला जाईल, मी तुझ्याकडे येणार नाही.

तुझा थोरला भाऊ,
हरिश्चंद्र